‘देवाने बळ दिले’ हे वाक्य इतिहासात वाचायचं कसं? पंडिता रमाबाईंच्या कागदपत्रांतून

एकोणिसाव्या शतकातली आत्मचरित्रं, पत्रं, मिशनचे अहवाल असं काही वाचायला घेतलं की थोड्याच पानांत एक वाक्य आडवं येतं: देवाने मला बळ दिले. सिनॉप्सिस लिहिताना या वाक्याचं करायचं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. मग आपण दोनपैकी एक करतो. एक तर ते वगळून पुढे जातो. हा श्रद्धेचा भाग, आपला विषय सामाजिक इतिहास, असं म्हणून मोकळे होतो. नाही तर ते जसंच्या तसं उचलून निष्कर्षात टाकतो: ‘अढळ श्रद्धेच्या बळावर त्यांनी संकटांवर मात केली.’ पहिल्या वाटेने गेलं की हातातला पुरावा फुकट जातो. दुसऱ्या वाटेने गेलं की शोधनिबंधाची आरती होते.

मित्रांनो, तिसरी वाट आहे. ती दाखवायला मी पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२) उदाहरण घेतो. त्यांच्याबद्दल शाळेपासून आपण ऐकत आलोय: संस्कृत विदुषी, आर्य महिला समाज, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. त्यांच्या ख्रिस्ती होण्याबद्दलही ऐकलंय, बहुतेक वेळा वादाच्या सुरात. पण ‘ख्रिस्ताच्या सान्निध्यात मला बळ मिळालं’ असं त्या सांगतात तेव्हा त्या बळाचा नेमका अर्थ काय, ते कुठून आलं आणि त्यातून काय घडलं, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ते विचारता येतात, आणि त्यांची उत्तरं कागदपत्रांत शोधता येतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रमाबाईंच्या बाबतीत देवाच्या सान्निध्याचा अर्थ होता मध्यस्थाशिवाय देवापर्यंत पोचणं. आणि ते पोचणं त्यांनी शेवटपर्यंत एकाच ठिकाणी शोधलं: स्वतः वाचलेल्या धर्मग्रंथात.

आधी तारखा लावून घ्या

रमाबाईंचा आध्यात्मिक प्रवास सांगणारं सगळ्यात जास्त उद्धृत होणारं लेखन म्हणजे १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली त्यांची साक्ष, ‘अ टेस्टिमनी’. मराठी ख्रिस्ती समाजात ‘साक्ष’ या शब्दाला खास अर्थ आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांसमोर सांगणं म्हणजे साक्ष देणं. हा एक ठरलेला लेखनप्रकारही आहे. आधी अंधार, मग भटकंती, मग प्रकाश, असा त्याचा साचा असतो. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ वाचलं असेल तर हा क्रम लगेच ओळखू येईल.

आता बघा. आई-वडील दुष्काळात गेले ते १८७४ साली. तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. बाप्तिस्मा १८८३ चा. साक्ष लिहिली तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, केडगावच्या मोठ्या ख्रिस्ती संस्थेच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या वाचकांत परदेशातले देणगीदार होते. म्हणजे घटना एका काळातली, आठवण दुसऱ्या काळातली. याचा अर्थ आठवण खोटी, असा मुळीच नाही. पण घटना आणि आठवण यांच्यात तेहतीस वर्षांचं अंतर आहे, हे टिपणवहीत घटनेच्या शेजारीच लिहून ठेवायला हवं.

एक प्रसंग घेऊ. अनंतशास्त्री डोंगरे मरणाच्या दारात आहेत, डोळे गेलेले, दक्षिणेत कुठेतरी रानात. जवळचं सगळं दानधर्मात गेलंय, नवस-उपासतापास करून झालेत, पोटात अन्न नाही. ते धाकट्या मुलीला जवळ घेतात आणि सांगतात, मी तुला देवाच्या हाती दिलंय, जन्मभर त्याचीच सेवा कर. हे रमाबाई स्वतः नोंदवतात. वडिलांच्या मनातला देव विष्णू होता. मुलगी हे लिहिते तेव्हा तिच्या मनातला देव ख्रिस्त आहे. तरी ती वडिलांचा शब्द टाकून देत नाही, आपल्या नव्या श्रद्धेच्या पायाशी बसवते. धर्मांतराच्या कथेत साधारणपणे ‘जुनं सगळं सुटलं’ असं सांगायची पद्धत असते. इथे जुन्यातला एक धागा मुद्दाम राखलाय. साच्यातून असं काही बाहेर डोकावलं की तिथे थांबायचं. लेखिका स्वतःची म्हणून बोलतेय, ती जागा बहुतेक वेळा हीच असते.

कुलूप कशाला होतं?

रमाबाईंना ग्रंथ नवीन नव्हते. वडिलांनी लोकांचा रोष पत्करून आधी बायकोला संस्कृत शिकवलं. रमाबाईंना मग आईने शिकवलं. भागवत आणि इतर पुराणं त्यांना मुखोद्गत होती. घरच त्यावर चालत होतं. तीर्थक्षेत्री बसायचं, पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं. पण वेद नाहीत. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, ही रेघ सुधारक वृत्तीच्या अनंतशास्त्र्यांनीही ओलांडली नाही.

१८७८ साली त्या भाऊ श्रीनिवासबरोबर कलकत्त्याला पोचल्या. पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पडद्यातल्या स्त्रियांना त्यांची कर्तव्यं सांगा, असं काम आलं, म्हणून त्यांनी धर्मशास्त्रं नीट वाचायला घेतली. त्या सांगतात की बाकी बाबतींत ग्रंथाग्रंथांत मतभेद होते, पण दोन मुद्द्यांवर सगळ्यांचं एकमत दिसलं: स्त्रीजात मुळातच वाईट, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला मिळायचा नाही. ब्राह्मसमाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांना वेदाची प्रत दिली तेव्हा आधी त्या बिचकल्या. स्त्रीने वेद वाचणं म्हणजे पाप, हेच लहानपणापासून कानावर पडलं होतं.

म्हणजे प्रश्न आधीपासून मांडलेला होता. देव आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न नव्हता. मला थेट त्याच्यासमोर उभं राहता येईल की नाही, हा होता.

पुढच्या घटना भराभर घडतात. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह, तोही जातीबाहेर. सिल्चरला संसार. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म. १८८२ च्या सुरुवातीला नवरा पटकीने गेला. या काळातली एक छोटी नोंद फार मोलाची आहे. सिल्चरच्या घरात पुस्तकांमध्ये त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग आयझॅक अ‍ॅलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातला सृष्टीचा वृत्तांत समजावू लागले. नवऱ्याला ते आवडलं नाही. क्रम लक्षात घ्या: आधी पुस्तक हाती आलं, माणूस नंतर आला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी तिथे आश्रम चालत असे. अशा बायकांची सेवा कुणी का करावी, असं विचारल्यावर योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांच्यासमोर आली. त्या गोष्टीत काय आहे बघा. हलक्या समजल्या गेलेल्या समाजातली, नाव ठेवलेली एक बाई विहिरीवर येते. येशू तिच्याशी बोलतो, आणि बोलणं कशावर? देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, यावर! धर्मचर्चेला बाई चालते. आणि उत्तर असं की उपासना कुठल्याच एका जागेला बांधलेली नाही. वेदाच्या दारातून परत फिरवलेल्या पंडितेला हीच गोष्ट का भिडली असेल, हे कळायला फार मोठा सिद्धांत लागत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पत्रं काय सांगतात?

साक्ष एवढाच स्रोत घेतला तर चित्र गुळगुळीत येतं. म्हणून त्याच काळातला दुसरा कागद शेजारी ठेवायचा. सुदैवाने तो आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली तो प्रसिद्ध केला. ही पत्रं वाचल्याशिवाय रमाबाईंच्या श्रद्धेवर एक ओळही लिहू नये, असं माझं मत आहे.

या पत्रांतली रमाबाई नम्र आहे, कृतज्ञ आहे आणि वाकायला अजिबात तयार नाही. त्रैक्याचा सिद्धांत तिला पटत नाही, तर ती तसं लिहिते. पवित्र शास्त्रात मला सापडत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मान्य का करू, असं विचारते. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असण्यापेक्षा संस्कृत असावीत, असं तिचं म्हणणं. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बहिणींनाही येत नाही, मग ती भाषा जास्त पवित्र कशी? चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना तिने पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. स्वदेशी परतल्यावर तिची पत जाईल, हे त्यांचं कारण. त्यावर तिचं उत्तर खरमरीत आहे. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे, असा त्याचा आशय.

बळ म्हणतात ते इथे दिसतं. पंचविशी ओलांडलेली विधवा, परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर, पदरी लहान मूल. ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांनाच ‘नाही’ म्हणायचं. हे ‘नाही’ ती कशाच्या आधारावर म्हणते? प्रत्येक पत्रात आधार एकच: मी स्वतः शास्त्र वाचलंय, आणि माझा विवेक देवाला बांधील आहे, तुम्हाला नाही. श्रद्धा म्हणजे शरण जाणं, असं आपण गृहीत धरतो. इथे देवाला शरण जाणं हेच माणसांपुढे न वाकण्याचं कारण झालंय. गौरी विश्वनाथन यांनी ‘आउटसाइड द फोल्ड’ या ग्रंथात धर्मांतराकडे मतभेद आणि प्रतिकाराची कृती म्हणून पाहिलं आहे. हा पत्रव्यवहार वाचताना तो ग्रंथ जवळ असू द्या.

बाप्तिस्म्यानंतरचं ‘सापडणं’

आता एक कोडं. १९०७ च्या साक्षीत रमाबाई म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास मिळाला. या बदलाशी त्या एका पुस्तकाचं नाव जोडतात, विल्यम हॅस्लम यांचं ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’. हॅस्लम स्वतः पाद्री होते. उपदेश करता करता व्यासपीठावरच आपलं खरं परिवर्तन झालं, असं सांगणारे.

इथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रमाबाईंना त्या काळात खोल अनुभव आला असेल, आणि तो सांगायची चौकट हॅस्लमच्या पुस्तकातून मिळाली असेल. चौकट उसनी आहे म्हणून अनुभव उसना ठरत नाही. आपणही दुःख सांगताना भाषा घेतो ती आधीच्यांचीच. संशोधकाने चौकट ओळखून दाखवायची. आतला अनुभव खरा की खोटा, याचा निवाडा करायला आपल्याकडे साधन नाही, आणि ते आपलं कामही नाही.

बदलाचे परिणाम मात्र आपल्याला पाहता येतात. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पैसा बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, अट धर्माबाबत तटस्थ राहण्याची. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. हे रमाबाईंच्या लेखी स्वातंत्र्य होतं. टीकाकारांच्या लेखी ती आडवाटेने केलेली धर्मप्रसाराची सोय होती. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही.

या प्रसंगावर लिहिताना एकाच बाजूचं बळ मोजू नका. ज्या उघड्या दाराने रमाबाईंना उभं राहण्याची जागा दिली, त्याच दाराची पालकांना धास्ती वाटत होती. विधवा मुलीला शिकू देण्यासाठी त्या पालकांनीही आपापल्या गावात काहीतरी सोसलं होतंच. दोन्ही बाजू मांडल्या तरच १८९३ समजतं.

दुष्काळ, छापखाना आणि शेवटचं काम

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, लोहमार्गालगत केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. तेच मुक्ती मिशन. त्या वेळी आपल्या दुष्काळातल्या आठवणी त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केल्या. त्या वाचल्या की कळतं, त्या रानातून चालत होत्या तेव्हा १८७४ ची सोळा वर्षांची मुलगी त्यांच्यासोबत होती. आईचं प्रेत उचलायला माणसं पुरी मिळाली नव्हती, आणि उंची कमी म्हणून तिरडी डोक्यावर घ्यावी लागली होती, ती मुलगी.

पैशाबाबत त्यांची पद्धत अशी: माणसांपुढे हात पसरायचा नाही, देवाजवळ मागायचं. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथाश्रमाचा आदर्श त्यांच्यासमोर होता. इथे इतिहासकाराने हळूच एक नोंद करायची, की प्रार्थनेचे विषय छापलेली मिशनची पत्रकं परदेशात वाचलीही जात होती. यात ढोंग शोधू नका, पण ही व्यवस्था टिपल्याशिवाय पुढेही जाऊ नका.

१९०५ च्या जूनअखेरीस मुक्तीत संजीवन झालं. मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंगात आग पेटल्यासारखं वाटतंय असं सांगू लागल्या. अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि आज जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव येतं. आपल्यासाठी अडचण ही, की त्या मुलींना काय वाटलं ते बहुतेक सगळं मिशनच्याच प्रकाशनांतून, इंग्रजीतून आणि निवडून आपल्यापर्यंत पोचतं. पोटाला अन्न देणाऱ्या जागीच श्रद्धाही मिळते, तेव्हा निवड किती मोकळी असते? हा प्रश्न रमाबाईंवर आरोप म्हणून विचारायचा नाही. पण मुक्तीवर काम करणाऱ्याने तो विचारायला हवा. मला विचाराल तर या विषयातलं अजून न झालेलं काम इथेच आहे.

आणि आता शेवटचं. आयुष्याची अखेरची दीड दशकाहून जास्त वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली: संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. मराठी भाषांतर आधीपासून होतंच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अमेरिकन मराठी मिशनने आणि इतरांनी ते काम केलं होतं. रमाबाईंची तक्रार अशी, की ती मराठी संस्कृताने जड झालेली आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या दोन प्राचीन भाषा शिकल्या. मुक्तीत छापखाना होता, त्यात मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवायच्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर आला.

आता सगळं ओळीने ठेवून बघा. लहानपणी वेदाला हात लावायची बंदी. सिल्चरला अचानक सापडलेलं एक शुभवर्तमान. वाँटेजला चर्चच्या अधिकाराला दिलेलं उत्तर, की मी स्वतः वाचलंय. आणि केडगावला, जिला कुणी कधी अक्षर दाखवलं नाही त्या बाईच्या हातात तिच्या बोलीच्या जवळचा ग्रंथ. देव आपल्याजवळ आहे, हा रमाबाईंचा अनुभव शेवटी भाषांतराच्या टेबलावर येऊन पोचतो. मला मधला माणूस लागला नाही, तुलाही लागू नये, असं ते काम सांगतं. मी म्हणतो तो अर्थ हाच, आणि तो साक्षीपेक्षा त्यांच्या कामात जास्त स्पष्ट वाचता येतो.

तुमच्या टिपणवहीसाठी

तुमच्या स्रोतात ‘देवाने बळ दिले’ आलं की समासात चार प्रश्न लिहा. हे कधी लिहिलंय आणि घटना कधीची? कुणाला उद्देशून लिहिलंय? त्याच काळातला दुसरा कागद आहे का, आणि त्यात सूर बदलतो का? या बळाच्या जोरावर त्या व्यक्तीने नेमकं काय केलं, आणि त्याची झळ कुणाला लागली? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण श्रद्धा दिसत नसली तरी कृतीला तारीख असते, जागा असते, साक्षीदार असतात.

वाचायला सुरुवात कुठून करायची? आधी पत्रव्यवहार, मग साक्ष, मग मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांचे अभ्यासग्रंथ. क्रम उलटा करू नका. दुसऱ्यांची मतं आधी डोक्यात बसली की रमाबाईंचा आवाज ऐकू येत नाही. जोडीला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. तिथे हीच श्रद्धा चूल, भांडण आणि हसू यांच्यामधून येते, आणि ‘बळ’ या शब्दाचे किती प्रकार असू शकतात ते कळतं. तुमच्या विषयातलं असं एखादं वाक्य सापडलं तर हे चार प्रश्न त्याला लावून बघा आणि खाली लिहा. एकत्र वाचू.